टेप ताणली नव्हती

मी एक जुनी टेप आहे. गाण्यांची नव्हे, माप घेण्याची. लांबी साठ इंच, रंग एके काळी पिवळा, आणि दोन्ही टोकांना पितळेच्या टोप्या. एका अंगावर इंच आहेत, दुसऱ्या अंगावर सेंटिमीटर. सेंटिमीटरकडे आमच्या दुकानात कोणी ढुंकूनही पाहिलं नाही, पण तो वेगळा विषय झाला.

मित्रांनो, माझ्यावर एक आळ आला होता. दीड वर्ष मला खोटारडी म्हटलं गेलं. ज्यांनी म्हटलं ते माझेच मालक होते, आणि मला खोटं पाडण्याच्या नादात त्यांचा जीव गेला. आळ नंतर पुसला गेला, पण मालक परत आले नाहीत. ती हकिकत सांगायला मी तोंड उघडलं आहे.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. कापडाच्या पट्टीवर रंगाचे थर बसले, ती वाळली, मग रुळाखालून जाताना माझ्या अंगावर आकडे उमटले. शेवटी एक चष्मेवाल्या बाई प्रत्येक टेप पोलादी पट्टीवर ठेवून तपासत. जरा इकडेतिकडे असेल तर सरळ कचऱ्यात. "जिचं माप चुकलं ती टेप कसली, ती नुसती नाडी," असं त्या म्हणायच्या. मी पास झाले. त्याचा मला फार अभिमान होता, आणि खरं सांगायचं तर अजूनही आहे.

मला विकत घेतलं ते एका शिंप्याने. सगळे त्यांना मास्तर म्हणत, म्हणून मीही मास्तरच म्हणते. दुकान एका शटरचं. पुढे कापड बेतायचं टेबल, मागे दोन मशिनं, कोपऱ्यात पडदा लावून कपडे घालून बघायची जागा, आणि खाली चिंध्यांची टोपली. टेबलाच्या कडेला कापड मोजायचा, इंचांच्या रेघा कोरलेला तीन फुटी लोखंडी गज खिळ्यांनी ठोकलेला होता. मास्तर बेतायचे आणि शिवायचे. त्यांची बायको, जिला मी बाई म्हणते, काज, बटणं आणि तुरपाई करायची. मुलगी नऊ वर्षांची. ती जन्मल्यापासून बटणांच्या डब्यातच खेळली, म्हणून तिचं नाव पडलं गुंडी.

मी मास्तरांच्या गळ्यात असायचे. दिवसभर तर असायचेच, पण जेवायला घरी जातानाही मला काढायचं त्यांना सुचत नसे. एकदा ते मला घालून दाढी करायला गेले, आणि न्हाव्याने आधी माझीच घडी घातली. लोक हसत. "मास्तर, वहिनींनी दावं बांधलंय का?" मास्तर म्हणायचे, "दावं सुटलं तरी ही सुटायची नाही."

काम कसं चालायचं तेही ऐका. गिऱ्हाईक उभं राहिलं की मास्तर मला त्याच्या अंगाला लावत आणि आकडा मोठ्याने बोलत. बाई तो मापवहीत उतरवून घेत. प्रत्येक गिऱ्हाइकाचं एक पान, वर्षावर्षाची मापं एकाखाली एक. माणसं मापाच्या वेळी फार गमती करतात. पोस्टातले एक साहेब होते, ते मी पोटाला लागले की श्वास आत ओढून असे उभे राहायचे की डोळे बाहेर यायचे. मास्तर शांतपणे म्हणायचे, "सोडा साहेब, पँट दिवसभर घालायचीय." साहेब सोडायचे, आणि मी तीन इंच पुढे सरकायचे. अशी बारा वर्षं गेली. सुखाची होती असं आता वाटतं, तेव्हा नुसती कामाची वाटायची.

मास्तर वर्षातून एकदा स्वतःला पँट शिवायचे. कंबर चौतीस, कायमची. त्या वर्षी त्यांनी मला स्वतःच्या कमरेभोवती घेतलं, तर मी तेहतीसवर जुळले. त्यांनी मला सोडलं, झटकलं आणि पुन्हा लावलं. तेहतीस. पुढे चार महिन्यांनी जुनी पँट घसरायला लागली म्हणून पुन्हा माप घेतलं, तर साडेएकतीस.

"टेप ताणलीय," मास्तर म्हणाले.

आमच्या धंद्यात हा दोष ठाऊक असतो. कापडी टेप वर्षानुवर्षं ओढली की लांबते. तिचा इंच मोठा होतो, आणि मग माप कमी भरतं. म्हणून मास्तरांचं बोलणं वेड्यासारखं नव्हतं. बाई म्हणाल्या, "ताणलीय तर लोकांचे कपडे कसे बरोबर होतात?" मास्तर हसले. "अगं, माप हिनेच घेतो, कापडही हिनेच कापतो. चूक दोन्हीकडे सारखीच, म्हणजे कपडा बरोबर." हे गणितही बिनचूक होतं. हुशार माणसाला स्वतःला फसवायला दुसऱ्याची गरज लागत नाही.

"आणि जुनी पँट सैल झाली ती?"

"धुऊन धुऊन कापड सैलावतं."

"कापड ताणतं, टेप ताणते. तुमच्या दुकानात सगळ्याच वस्तूंना वेड लागलंय," असं म्हणून बाईंनी पँट घेतली आणि कमरेत आत घेतली. दोघं हसले. मी मात्र हसले नाही. माझा इंच तेवढाच होता जेवढा चष्मेवाल्या बाईंनी पास केला होता. टेबलाच्या कडेला लोखंडी गज होता. मला त्यावर एकदा ठेवलं असतं तर पाच सेकंदांत निकाल लागला असता. मास्तर रोज त्या गजावर कोपर टेकवून चहा प्यायचे, पण मला त्यावर ठेवत नव्हते.

ते का, हे मला त्यांच्या अंगावर नागीण उठली तेव्हा कळलं. बरगड्यांवर पाण्याच्या फोडांचा पट्टा, पाठीपासून पुढपर्यंत. आग इतकी की शर्टाचा स्पर्श सहन होईना. दवाखान्यात त्यांनी शर्ट काढला, मी गळ्यातच होते. डॉक्टरांनी फोड पाहिले, तोंड उघडायला लावलं, जिभेवरचा पांढरा थर पाहिला आणि विचारलं, "वजन कमी झालंय का?"

"नाही," मास्तर म्हणाले. मी त्यांच्या गळ्यात होते आणि ते नाही म्हणाले.

डॉक्टर म्हणाले, "चाळिशीत नागीण आणि तोंडात बुरशी, दोन्ही एकदम म्हणजे शरीराची ताकद कुठेतरी कमी पडतेय. रक्त तपासून घ्या. एचआयव्हीचीही तपासणी लिहून देतो. फुकट होते, नाव कुठे बाहेर जात नाही."

मास्तरांनी काढलेला शर्ट उचलला. "मी तसला माणूस वाटलो का तुम्हाला?"

"तसला कुठला नसतो हो. रक्त असतं, ते तपासायचं."

मास्तरांनी चिठ्ठी घेतली. दुकानात आल्यावर तिचे बारीक तुकडे केले आणि चिंध्यांच्या टोपलीत खाली कोंबले. बाईंना सांगितलं, "उष्णता आहे म्हणाले." त्या दिवसापासून टेप ताणलीय हे ते गिऱ्हाइकांनाही सांगू लागले. मला वाईट वाटलं, रागही आला. पण मित्रांनो, त्या माणसाच्या गळ्याची नाडी माझ्या अंगाला लागत होती. ती भीतीने उडत होती, हेही मला ठाऊक आहे.

हा रोग काय करतो ते मी नंतर रुग्णालयात ऐकलं. तिथल्या समुपदेशक ताईंनी बाईंना समजावलं तेच तुम्हाला सांगते. आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात, त्या बाहेरून आलेल्या जंतूंशी लढतात. त्यांतल्या काही पेशींचं काम हुकूम देण्याचं असतं. कोणावर जायचं, कधी जायचं, हे त्या ठरवतात. एचआयव्ही हा विषाणू नेमका त्याच पेशींत शिरतो, त्यांच्या आतच स्वतःच्या हजारो प्रती काढतो आणि त्यांना मारतो. आमच्या दुकानात बेतणाराच नसेल तर शिवणारे सुई हातात धरून बसून राहतील, तसं शरीराचं होतं. मग जे जंतू एरवी अंगावर असूनही काही करू शकत नाहीत, तेच माणसाला खाटेवर आणतात. साधी बुरशी घशापर्यंत जाते, लहानपणी येऊन गेलेल्या कांजिण्यांचा जंतू नागीण होऊन उठतो, क्षयाचा जंतू वर्षानुवर्षं झोपलेला असतो तो जागा होतो. आणि हे सगळं होईपर्यंत कित्येक वर्षं काहीच दिसत नाही. माणूस चांगला चालतो, बोलतो, पँटी शिवतो.

मास्तरांना तो कुठून लागला हे मला विचारू नका. शरीरसंबंधातून लागतो, दूषित रक्तातून आणि सुईतून लागतो, आईकडून बाळाला लागतो. त्यांचं काय होतं ते त्यांनी बाईंना घरी सांगितलं, आणि त्या दिवशी त्यांनी मला मुद्दाम दुकानातल्या खुंटीवर टांगून ठेवलं होतं. लोकांनी मात्र नंतर तेवढाच प्रश्न विचारला.

नागीण वाळली, पण मास्तर सावरले नाहीत. जुलाब लागले की थांबेनात. संध्याकाळी अंग तापायचं. खोकला आला तो मुक्कामालाच आला. बाईंनी पँट दुसऱ्यांदा आत घेतली, मग तिसऱ्यांदा. मागचे दोन खिसे सरकत सरकत एकमेकांना भिडले.

तिसऱ्यांदा पँट आत घेतली त्याच दुपारी पोस्टातले साहेब माप द्यायला आले. मास्तरांनी मला त्यांच्या पोटाला लावलं आणि आकडा बोलले, "बेचाळीस." बाईंनी लिहायला पान उघडलं आणि पेन तसंच धरून बसल्या. साहेब गेले. बाईंनी आणखी पानं उलटली. शाळेतल्या शिक्षिका, औषधवाले, चष्म्याच्या दुकानातले दोघे भाऊ. बराच वेळ त्या पानंच उलटत होत्या.

"अहो, इकडे या."

"काय झालं?"

"साहेब मागच्या वर्षी चाळीस होते, आज बेचाळीस. औषधवाले छत्तीसचे छत्तीस. शिक्षिकाबाई तेवढ्याच. टेप ताणली असती तर सगळं गाव बारीक झालं असतं." त्यांचा आवाज चिरकला. "एकटे तुम्हीच कसे झालात?"

मास्तर मला गळ्यातून काढत टेबलाच्या कडेला आले आणि त्यांनी मला लोखंडी गजावर ठेवलं. टोक टोकाला लावून, अंगठ्याने दाबून. रेघेला रेघ जुळली. दहाला दहा, वीसला वीस, तीसला तीस. दीड वर्ष ज्या क्षणाची मी वाट पाहत होते तो आला, आणि मला जरासुद्धा आनंद झाला नाही. मास्तर स्टुलावर बसले आणि म्हणाले, "नागिणीच्या वेळी डॉक्टरांनी सांगितलं होतं गं. चिठ्ठी दिली होती. मी फाडली."

बाईंनी कपाळाला हात लावला नाही की आरडाओरड केली नाही. त्यांनी शटर ओढलं, आणि दोघं तसेच रुग्णालयात गेले. मी गळ्यातच होते.

रक्ताचा निकाल तुम्हाला कळलाच असेल. पण त्याहून वाईट दुसरा आकडा होता. त्या हुकूम देणाऱ्या पेशी मोजता येतात. निरोगी माणसाच्या रक्ताच्या एका थेंबाहूनही लहान भागात त्या पाचशेच्या वर असतात, हजारही असतात. मास्तरांच्या सत्तावीस निघाल्या. मित्रांनो, मी साठ इंचांची आहे. निरोगी माणसाचा आकडा माझ्यावर कधी मावला नसता. मास्तरांचा मावला, आणि पुढे अर्ध्याहून जास्त टेप रिकामी राहिली.

बाईंचीही तपासणी झाली. त्यांनाही लागण होती, पण त्यांच्या पेशी चारशेच्या घरात होत्या. गुंडीला काही नव्हतं. समुपदेशक ताई म्हणाल्या, "तुम्ही आजपासून रोज एक गोळी घ्यायची, एकही दिवस न चुकता, जन्मभर. विषाणू दबून राहील. तुम्ही चारचौघांसारखं आयुष्य काढाल."

बाईंनी विचारलं, "आणि हे?"

ताईंनी समोरचा कागद सरळ केला. "क्षय फुप्फुसातून मेंदूच्या आवरणापर्यंत गेलाय. आधी त्याची औषधं, मग थोड्या आठवड्यांनी एचआयव्हीच्या गोळ्या. दोन्ही एकदम दिलं तर त्रास वाढतो. आपण प्रयत्न करू."

"दीड वर्षापूर्वी आले असते तर?"

"तर तुमच्यासारखेच गोळ्या घेऊन घरी गेले असते."

ताई खरं बोलल्या. खरं माप सांगणाऱ्याचा मला आदर आहे, पण त्या वेळी त्या थोडं खोटं बोलल्या असत्या तरी मी तक्रार केली नसती.

मास्तरांना खाट मिळाली. डोकं इतकं दुखायचं की ते भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. तरी मधे दोन दिवस बरे गेले. त्यातल्या एका सकाळी ते उठून बसले, सूप प्याले, आणि बाईंना म्हणाले, "घरी जाताना घालायला शर्ट नाही मला. सगळे झग्यासारखे झालेत. एक शिव."

बाईंनी मला त्यांच्या छातीभोवती घेतलं. अडतीसची छाती होती ती. मी तिसावर जुळले. बाई आकडा बोलेनात. मास्तर म्हणाले, "बोल की. तीस ना? लिही." बाईंनी औषधाच्या कागदामागे लिहिलं.

"माया किती सोडतेस?"

शिवणीच्या आत जे जादा कापड सोडतात त्याला आमच्यात माया म्हणतात. कपडा घट्ट झाला तर शिवण उसवून ती माया बाहेर काढता येते.

"नेहमीची. अर्धा इंच."

"दोन सोड दोन्हीकडे. औषधं चालू झालीत. अंग भरलं की उसवून घेऊ."

"शिवण जाडी होईल."

"होऊ दे. कोण बघतंय."

बाईंनी दोन इंच माया सोडली. निळ्या रेघांचं कापड होतं. काज स्वतःच्या हाताने घातले, कॉलर दोनदा उसवून पुन्हा बसवली. गुंडीने डब्यातून सहा सारखी बटणं शोधून दिली. शर्टाला चार दिवस लागले. चौथ्या दिवशी बाई तो घडी घालून रुग्णालयात घेऊन गेल्या तेव्हा मास्तर त्यांना ओळखत नव्हते. ते हवेत चिमूट धरून काहीतरी ओवत होते. एचआयव्हीच्या गोळ्या सुरू व्हायला अजून नऊ दिवस होते. मास्तर त्यानंतर तिसऱ्याच दिवशी गेले.

शेवटी त्यांना तोच शर्ट घातला. खांद्यात, छातीत, बाहीत, कुठेही सुरकुती नव्हती. बघायला आलेला एक जण म्हणाला, "शर्ट काय छान बसलाय." दोन इंच माया आत तशीच राहिली आणि त्यांच्याबरोबर गेली.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण त्यात सांगण्यासारखं फार नाही. बातमी पसरायला दोन दिवस लागले. लोक आले ते आपापलं न शिवलेलं कापड परत न्यायला. पोस्टातले साहेब दारातच उभे राहिले. बाई सवयीने मला घेऊन पुढे झाल्या, तर ते मागे सरले. "नको नको, ती टेप नका लावू." बारा वर्षं मी त्या पोटाला लागत होते. मित्रांनो, माझ्यातून, कपड्यातून, पेल्यातून, शेजारी बसल्याने, मिठी मारल्याने हा रोग कोणाला लागत नाही. हे बाईंनी त्यांना समजावून सांगितलं. ते हो हो म्हणाले आणि निघून गेले. गुंडीच्या बाकावर वर्गात कोणी बसत नाही. बाई आता एका कारखान्याच्या उशांचे अभ्रे शिवतात. अभ्र्याला माणसाचं माप लागत नाही, त्यामुळे मी खुंटीवर आहे. माझ्यावर धूळ बसली आहे आणि पितळेच्या टोप्या हिरव्या पडल्या आहेत. बाई रोज न चुकता गोळी घेतात. त्यांची तब्येत चांगली आहे. त्या चांगल्या तब्येतीचं त्यांना काही सुख वाटत नाही. परवा गोळी हातात घेऊन त्या म्हणाल्या, "ही एवढीशी घ्यायची होती त्यांनी."

मला कोणी विचारत नाही, पण तुम्ही एवढं ऐकलंत म्हणून सांगते. माप कमी भरलं तर टेपवर रागावू नका. ताप जात नसेल, अंग वाळत असेल, साधे साधे रोग ठाण मांडत असतील, तर रक्त तपासायला सांगणाऱ्या माणसाशी भांडू नका. घरात कोणी चिठ्ठी लपवत असेल तर हात धरून घेऊन जा, लाज नंतर वाटू दे. ज्याच्या रक्तात तो विषाणू आहे त्याच्या शेजारी बसा, त्याचं माप घ्या, त्याचं काम त्याला द्या. आणि वेळेवर जा. आत थोडी माया उरलेली असेल तरच शिवण उसवता येते, मित्रांनो. मास्तरांच्या शर्टात ती दोन इंच होती. त्यांच्या अंगात नव्हती.